नाव कुणी घेतलं?

राहुरीजवळच्या वस्तीवर सूर्यभानच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. त्याची आठ वर्षांची ज्योती बाजेवर पडली होती. दुपारपासून उलट्या, तोंडातून लाळ. शेजारी गोरक्ष महाराज डोळे मिटून घुमत होते.

"बाईची करणी हाय! घरातलीच. व्हय का न्हाई?"

"जाऊ तर न्हाई ना, महाराज?" ज्योतीच्या आईनं, मनकर्णानं विचारलं.

"जाऊच! तिनं पोरीला कायतरी चारलं. व्हय का न्हाई?"

"व्हय! सकाळी धपाटं दिलं हुतं तिनं!"

"बघा, कसं वळखलं!" गर्दी थक्क झाली. इतकं स्वस्त अंतर्ज्ञान बाजारातही मिळत नाही.

मनकर्णाची धाकटी जाऊ पुष्पावती दाराशीच उभी होती. पलीकडच्या गावात असंच नाव निघालेल्या बाईचे केस कापून तिला हाकलून दिलं होतं. सगळ्या माना पुष्पावतीकडे वळल्या. ती एक पाऊल मागे सरकली.

तेवढ्यात गावच्या आरोग्यसेविका, आशाताई राजेश्वरी, गर्दीतून वाट काढत आल्या. त्यांनी पोरीचे डोळे पाहिले. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या.

"ज्योती, सकाळपासून काय काय केलंस गं?"

"देवाच्या कामात मधी येऊ नका!" महाराज गरजले.

"मिरचीत गेल्ते... तहान लागली," ज्योती पुटपुटली.

"मग?"

"बांधावरच्या हिरव्या बाटलीतलं पाणी पिले."

सूर्यभान पुढं आला. "फवारणीच्या औषधाची बाटली हुती ती. मीच धुऊन पाणी भरलं."

"मिळेल ती गाडी काढा, आधी दवाखाना!" ताई ओरडल्या. त्या धावपळीत महाराज कधी सटकले, कुणालाच कळलं नाही.

चार दिवसांनी ज्योती घरी आली. पुन्हा अंगण भरलं, तेव्हा ताई म्हणाल्या, "महाराजांनी फक्त 'व्हय का न्हाई' विचारलं. 'घरातली बाई' कुठल्या घरात नसते? जाऊ मनकर्णाबाईंनी सुचवली, धपाटंही त्यांनीच सांगितलं. महाराजांनी तुमचंच तुम्हाला ऐकवलं. 'व्हय का न्हाई' विचाराल, तर मनातली भीतीच बोलेल. काय झालं, कधी झालं, मग काय झालं, असं विचारा आणि ऐकून घ्या."

मनकर्णा रडत पुष्पावतीजवळ आली. "चुकले गं मी."

पुष्पावती म्हणाली, "धपाटं दिलं हुतं मी, ते खरंच हाय, अक्का. पन त्या दिशी एवढी मान्सं हुती. मला एकानं तरी विचारायचं हुतं, पुष्पे, काय झालं?"