‘नाइस’ची रजा

बाईंनी फळ्यावर मधोमध ‘नाइस’ लिहिलं, त्यावर आडवी रेघ ओढली आणि हाताला लागलेला खडू झटकला.

“आजपासून हा शब्द रजेवर. ज्याचं त्याच्यावाचून अडेल, त्याने दुसरा शोधायचा.”

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर सकाळचा हा वर्ग भरायचा. शिकणारे सगळे मोठे, पोटापाण्याला लागलेले किंवा त्यातून मोकळे झालेले. इंग्रजी त्यांना परीक्षेसाठी नको होतं. कुणाला गिऱ्हाइकाशी बोलायचं होतं, कुणाला परदेशी नातवंडांशी.

“चहा नाइस, हवा नाइस, साहेब नाइस, साहेबांचं कुत्रंही नाइस,” बाई म्हणाल्या. “एका शब्दाला किती राबवायचं?”

“कुत्रं नाइस नाहीये, बाई,” मागच्या बाकावरून ड्रायव्हर म्हणाला. “पण तसं म्हणावं लागतं.”

बाईंनी हसू दाबलं आणि फळ्यावर रांगेने शब्द मांडले. प्लेझंट, काइंड, लव्हली, डिलिशस. प्रत्येकाचा अर्थ सांगून झाल्यावर त्यांनी वाक्यं करायला सांगितली. सगळ्यांच्या आधी मावशी उठल्या. जन्मभर पाळणाघर चालवलेली ही बाई. वर्गात सगळ्यात वयस्क आणि सगळ्यात उतावळी. पदर सावरून त्यांनी ठणठणीत आवाजात सांगितलं,

“माय डॉटर-इन-लॉ इज डिलिशस.”

वर्ग खो-खो हसला. का हसतात ते ड्रायव्हरने खाणाखुणांनी समजावल्यावर मावशीही हसल्या, पण बसताना त्यांचे कान लाल झाले होते.

“चूक मावशींची नाही, माझी आहे,” बाई म्हणाल्या. “मी शब्द एका रांगेत लिहिले, म्हणून ते जुळे वाटले. ती भावंडं आहेत. चेहरेपट्टी सारखी, स्वभाव निराळे. आपल्याकडे पगार लठ्ठ असतो आणि भिंत जाड असते. लठ्ठ भिंत पाहिलीय कुणी?”

“आमच्या साहेबांच्या बंगल्याची,” ड्रायव्हर म्हणाला.

वर्ग सुटला तरी मावशी जागच्या हलल्या नाहीत. बाई डस्टर पिशवीत टाकत होत्या, तेव्हा त्या जवळ आल्या.

“बाई, माझं या नाइसवाचून फार अडेल हो.”

“का?”

“मुलगा बोटीवर इंजिनियर. लग्न करून बायकोला घरी आणलं, महिन्याभरात बोटीवर गेला. पोरीला आपली भाषा येत नाही, मला तिची येत नाही. दोघींच्या मध्ये हे एवढंसं इंग्रजी. मी म्हणते सूप नाइस. ती म्हणते पडदे नाइस. इतकं गोड बोलतो की घराला मुंग्या लागायच्या.”

“मग चांगलंच आहे की.”

“चांगलं कसलं! पाहुण्यांशी बोलतात तसं बोलतो. माझ्या घरात मीच पाहुणी झालेय आणि तीपण. मग यजमान कोण?”

बाईंनी मावशींना पानभर शब्द लिहून दिले, खारटाला काय म्हणतात, मऊला काय, उदासला काय, आणि वर बजावलं, “जपून वापरा हं.”

पुढच्या वर्गाला मावशी धापा टाकत जिना चढून आल्या. चेहरा असा, जणू पोराला पहिला नंबर मिळालाय.

“बाई, आमचं भांडण झालं! इंग्रजीत!”

बाईंनी हातातला खडू खाली ठेवला. “कशावरून?”

“सुपावरून. तिने विचारलं, नाइस? मी म्हटलं, नो. ब्लँड. बेचव!”

“अरे देवा,” ड्रायव्हर म्हणाला.

“चमचा ठेवला आणि खोलीत गेली. मला वाटलं, संपलं. तर परत आली आणि म्हणाली, तुमचे पडदे ग्लूमी आहेत, उदास. आल्या दिवसापासून ग्लूमी आहेत! म्हणजे इतके महिने पोटात ठेवलं होतं बघा. मग मी म्हटलं, तू दार आपटतेस, यू आर लाउड. ती म्हणाली, तुम्ही माझी भांडी पुन्हा घासता. घासतेच मी! मी तिला हट्टी म्हणायला ‘स्टबन’ म्हटलं, तर भांडता भांडता थांबून म्हणाली, स्टबर्न, आई, स्टबर्न. माझा उच्चार सुधारला आणि पुन्हा भांडायला लागली.”

सगळा वर्ग ऐकत होता. शिवणकाम करणारी एक बाई तर तोंडाला पदर लावून हसत होती. मावशी बाकावर टेकल्या. त्यांचा आवाज थोडा खाली आला.

“शेवटी मात्र रडली. एक शब्द म्हणाली. लोनली. तो मला ठाऊक होता, लोनली म्हणजे एकटी. तर मी म्हटलं, नो, नो, यू नॉट अलोन, आय हिअर, आय होल डे हिअर. तर नुसती मान हलवली आणि झोपायला गेली. माझं काय चुकलं?”

बाईंनी खडू उचलला, पण फळ्याकडे गेल्या नाहीत. मावशींच्या समोरच्या बाकावर बसल्या.

“अलोन म्हणजे एकटी. बरोबर कुणी नाही, एवढंच. माणूस अलोन असून मजेत असू शकतो.”

“आणि लोनली?”

“लोनली म्हणजे एकटेपण आतून खुपणं. त्याला घर रिकामं असावं लागत नाही.”

मावशी बोटांनी बाकाची कड चाचपत राहिल्या.

“म्हणजे घरात दोघी असून होता येतं.”

“हो.”

“भरलेल्या घरातही.”

“हो, मावशी.”

“पाळणाघरात वीस पोरं रडायची,” मावशी हळूच म्हणाल्या, “आणि हे गेल्यानंतर मी त्यांच्या मधोमध बसलेली असायचे.” मग त्या उठल्या. “बाई, मी आज अर्ध्यावरून जाते. मी तिला भलत्याच शब्दाचं उत्तर देऊन आले.”

त्यांची पावलं जिन्यावरून खाली गेली. वर्गाने त्या दिवशी विशेषणं सोडून क्रियापदं केली.

त्यानंतर मावशी आल्या नाहीत. पुढच्या वर्गाला नाहीत, त्याच्या पुढच्यालाही नाहीत. बाईंच्या मनाला रुखरुख लागली. शब्द शिकवणं सोपं. ते घरी जाऊन काय उलथापालथ करतात ते बघायला मास्तर नसतो. एका दुपारी त्या पत्ता विचारत विचारत मावशींच्या इमारतीत पोचल्या, दुसऱ्या मजल्यावर चढल्या आणि बेल न वाजवता दारावर हलकेच टकटक केलं.

दार सुनेने उघडलं. केस वर बांधलेले, बाह्या दुमडलेल्या, हातात ओला रुमाल. बाईंनी इंग्रजीत आपली ओळख सांगितली. सुनेचा चेहरा उजळला.

“तुम्हीच त्या! मला ब्लँड म्हणायला लावणाऱ्या!”

बाई ओशाळल्या. “माफ करा. मला वाटलं नव्हतं की...”

“नाही, नाही. ते सूप खरंच तसं होतं.” सून हसली आणि दार मागे लोटून बाहेर आली. मावशींना ताप होता, आता उतरत होता, ती म्हणाली. कारणही तिनेच सांगितलं. त्या दिवशी मावशी वर्गातून तशाच घरी आल्या, सुनेला हाताला धरून बंदरावर घेऊन गेल्या. तिथे धक्क्यावर दोघी वाऱ्यात बसल्या, उजेड जाईपर्यंत. अंगावर शालसुद्धा नव्हती.

“काय बोललात एवढा वेळ?” बाईंनी विचारलं.

“त्या म्हणाल्या, मीपण लोनली. तुझ्याहून जुनी.” सुनेने हातातल्या रुमालाची घडी घातली. “मग आम्ही फार बोललो नाही. बोटी बघितल्या. परत येताना एका गोष्टीवरून भांडलो, पण ते चालताना.”

आतून खोकल्याचा आवाज आला आणि थांबला. सून लगबगीने आत डोकावली, कान देऊन ऐकलं, मग चवड्यांवर परत आली. बोट ओठांवर ठेवून, एकेक शब्द जुळवत, तिने या वेळी इंग्रजी सोडलं.

“आई,” ती कुजबुजली, “घट्ट झोपल्या.”

बाईंच्या ओठांवर योग्य शब्द आला होता. आयुष्यभराच्या सवयीने तर्जनीही जराशी वर झाली होती. त्यांनी ती खाली घेतली.

“झोपू दे,” त्या तितक्याच हळू म्हणाल्या, आणि जिना उतरू लागल्या.