टवका उडालेला 'म'

"कुंचल्याची ओढ अर्ध्यात तोडू नको रं भरमू, अक्षर गुदमरतंय." भावकू पेंटरांचा तो आवाज अजून माझ्या लाकडात मुरलेला आहे.

मी एक जुना लाकडी खिळ्यांचा संच आहे, मित्रांनो. निपाणीच्या एका छापखान्यातला, छपाईच्या तळहाताएवढ्या अक्षर-ठोकळ्यांचा. भावकूंनी कुंचल्याने अक्षरं रंगवली आणि भरमू सुताराने ती लाकडात उलटी कोरली. सुरुवातीला भरघोस, वळणावर बारीक, शेवटी सुकत आलेल्या कुंचल्याच्या रेघोट्या. त्यासुद्धा त्याने सोडल्या नाहीत. मी छापून आलो की लोकांना वाटे, रंग ओला आहे, बोटाला लागेल.

मला छापखान्याचे मालक जिनपालआप्पांच्या हाती देताना भावकूंच्या हातून माझा एक 'म' फरशीवर पडला. पोटाला टवका उडाला. "ऱ्हाऊ द्या, दृष्ट लागायची न्हाय," म्हणत आप्पा हसले.

कुस्तीचं मैदान असो, नाटक असो, जत्रा असो. बारीक मजकूर शिशाचे खिळे सांगत, लांबून हाक मारायचं काम माझं.

मग बेचाळीस साल आलं. आप्पांनी दार लावून 'चले जाव'च्या सभेसाठी माझ्याकडून तीन शब्द छापले: 'मंगळवारी मैदानात या.' गावात नव्याच आलेल्या फौजदाराने दोन कागद भिंतीवरून सोलून नेले. रेघोट्या पाहून त्याला वाटलं, हे हातानं रंगवलेलं. ते वळण कुणाचं, हे गावात सगळ्यांना ठाऊक. त्याने भावकूंना उचललं.

आप्पांनी मला जोंधळ्याच्या कणगीत पुरलं. दारात पाऊल वाजलं की माझी अक्षरं एकमेकांना बिलगत. हातानं काढलेली दोन अक्षरं कधी हुबेहूब येत नाहीत. त्या दोन्ही कागदांवर मात्र 'मंगळवारी'तल्या 'म'च्या पोटाला तोच टवका होता. कुणी ते शेजारी धरले असते तर भावकू सुटले असते आणि आप्पा गेले असते. मी कुणासाठी भ्यायचं?

आप्पा रोज सकाळी चौकीवर जायला पटका बांधत, उंबऱ्यापर्यंत जात, परत येत. आत त्यांच्या पत्नी तारामतीबाई दळायला बसत. जात्यावर ओवी म्हणत:

हात गजाआड, वाचा घरात गं
दिवा लावू कसा, अशा दारात गं

दहा महिन्यांनी भावकू सुटले. हात थरथरू लागला होता. पाट्यांचं काम कुणी देईना.

सत्तेचाळीसच्या ऑगस्टात मोठी अक्षरं हवी झाली, म्हणून मला बाहेर काढलं. माझ्या अंगाला भोकं पडली होती. मित्रांनो, लाकडाला तेल लावा, वाळवी बघा. पण कणगीत पुरून ठेवणं म्हणजे जपणं नव्हे.

आप्पांनी भावकूंना बोलावून घेतलं. "भावकूअण्णा," ते खाली बघत म्हणाले, "ते कागद मी छापलतो."

भावकूंनी माझा 'म' उचलला. अंगठ्याने टवका चाचपला.

"फौजदारानं कागद म्होरं ठेवल्यावरच वळखलं. ह्यो टवका माझ्याच हातनं उडालाय, आप्पा. तुमचं नाव व्हटापतूर आलतं." त्यांनी 'म' हळूच खाली ठेवला. "पन तुमी येशीला म्हणून वाट बगत बसलो."