जैनुद्दीनने दिलेला शब्द

जैनुद्दीन परकारने बहरीनमध्ये बावीस वर्षांत अकरा वेळा कॉन्ट्रॅक्टवर सही केली आणि अकराही वेळा कागद न वाचता केली. ऑफिसातले शैलेंद्रसाहेब बोटाने जागा दाखवायचे, हा सही ठोकायचा. वाचून एखादी गोष्ट पटली नसती, तर तो करणार तरी काय होता?

सीफ भागातल्या बर्फाच्या रिंकवर स्केट्सच्या पात्यांना धार लावायचं त्याचं काम. बाहेर पंचेचाळीस डिग्री आणि आत हा गडी स्वेटर घालून बसलेला. जुफैरच्या अमेरिकी नौदल तळावरचे गोरे संध्याकाळी आइस हॉकी खेळायला यायचे. त्याचा मुलगा हमझा पाचव्या वर्षी त्यांच्या पायांत लुडबुडायला लागला, दहाव्या वर्षी त्यांना चकवायला लागला आणि सतराव्या वर्षी फिनलंडच्या एका क्लबने त्याला उचलला. वय कमी म्हणून फॉर्मवर बापाची सही लागली, बापाचा फोन नंबरही. तो कागदही वाचला नाही, हे सांगायला नकोच.

आता हमझा तेवीसचा. गेले चार उन्हाळे तो घरी आला नव्हता, कारण सीझन संपला की लगेच क्लबचा उन्हाळी सराव. झिंज भागातल्या फ्लॅटमध्ये हमझाची आई मसूदा त्याच्या पलंगावरची चादर दर शुक्रवारी बदलायची. कुणी झोपत नाही ती चादर धुतेस कशाला, असं जैनुद्दीन एकदाच म्हणाला. पुन्हा म्हणायची सोय नव्हती, कारण दुपारी त्या पलंगावर तोच गुपचूप जाऊन आडवा व्हायचा.

मार्चमध्ये हमझाने फोनवर बातमी दिली. कॉन्ट्रॅक्ट तीस एप्रिलला संपतंय, क्लबला तो आणखी तीन वर्षं हवाय, पण त्याने अजून सही केलेली नाही.

"एक मेपासून मी फ्री एजंट, अब्बा."

"म्हंजे?"

"म्हणजे मी कुणाचाच नाही. कुठेही जाऊ शकतो."

पोरगा खुशीत होता. पण आखातात उमर काढलेल्या माणसाला 'कुणाचाच नाही' याचा एकच अर्थ ठाऊक असतो. कॉन्ट्रॅक्ट संपलं की व्हिसा कॅन्सल, आणि व्हिसा कॅन्सल की बॅग भरा. शेजारचा गणपत असाच नवी नोकरी मिळेल म्हणून ऐटीत थांबला आणि शेवटी फ्रीज विकून गावी गेला.

पुढच्याच आठवड्यात क्लबच्या मॅनेजरचा मेसेज थेट जैनुद्दीनला आला. सहा वर्षांपूर्वीच्या फॉर्मवरचा नंबर त्याने नेमका शोधून काढला होता. हमझाच्या मनात काय आहे, घरच्यांना काय वाटतं, असं लाडीगोडीने विचारलं होतं. जैनुद्दीनने धारेचं मशीन बंद केलं, हात पुसले आणि आपल्या इंग्रजीत उत्तर रेकॉर्ड केलं. "सर, नो टेन्शन. हमझा गुड बॉय. ही स्टे. आय गिव्ह माय वर्ड. प्लीज डोन्ट कॅन्सल." वर तीनदा थँक्यू. पोराची नोकरी वाचवल्याच्या आनंदात त्या दिवशी त्याने दोन चहा जास्त घेतले.

संध्याकाळी घरी मसूदा भाकऱ्या थापत होती. सगळं ऐकून तिचे हात थांबले.

"तुमी पोराला इचारलंत तरी?"

नव्हतं विचारलं.

चार दिवसांनी हमझाचा फोन आला. चिडला की तो इंग्रजीत सुटायचा. या वेळी तो सावकाश, घरच्या भाषेत बोलला, आणि म्हणूनच जैनुद्दीन घाबरला.

"अब्बा, मी पैशांसाठी अडून बसलो नव्हतो. दर वर्षी मे-जूनमध्ये मला घरी सोडा, तसं लिहून द्या, मग सही करतो, असं म्हणत होतो. मी निघून जाईन या भीतीने ते कबूल होत आले होते. आता मॅनेजर म्हणतो, तुझा बाप तर सांगतोय तू राहणारच."

"मंग नको करू सही. जा दुसरीकडं."

"तुम्ही शब्द दिलात ना? त्याने तुमचा आवाज ऑफिसात सगळ्यांना ऐकवला. मी गेलो तर तुम्ही खोटे ठराल."

"ठरू दे मी खोटा."

"नाही अब्बा. काल सही केली. तीन वर्षं. मे-जून नाही मिळाले."

जैनुद्दीनने फोन खाली ठेवला. पोराला शेजारी बसवून चार घास जेवताना बघायचं, याहून जास्त त्याला काही नको होतं. तेच पोरगा मागत होता, आणि बापाने ते स्वतःच्या तोंडाने घालवलं.  त्या शुक्रवारी मसूदाने चादर बदलली नाही.

एप्रिलच्या शेवटी शैलेंद्रसाहेबांनी बोलावलं. बारावं कॉन्ट्रॅक्ट. बोट नेहमीच्या जागी गेलं. जैनुद्दीनने खिशातून चष्मा काढला.

"वाचतो."

दोन पानांना अर्धा तास लागला. साहेबांनी तोवर चहा संपवला.

"रजा जुलैची लिवलीय."

"दर वेळी जुलैचीच असते, जैनुभाई."

"मना जानेवारीत पायजे. मसूदाला घेऊन फिनलंडला जायचंय. पोराला खेळताना निस्ता फोनवर बघितलाय."

"जानेवारीत इथे मॅचेस असतात. धार कोण लावणार?"

"म्हणून तर आता सांगतोय. सही केल्यावर माझं कोण ऐकतो?"

साहेब हसले. "बघू या. इंशाल्ला होईल."

बावीस वर्षं याच शब्दावर तो उठून जात आला होता. आज उठला नाही. पेनाचं टोपण त्याने पुन्हा लावलं.

"इंशाल्ला तर हायच, साहेब. पण कागदावर लिवा."

साहेबांनी कागद स्वतःकडे ओढला. मग जुलै खोडून त्यांनी हाताने जानेवारी लिहिलं आणि शेजारी सही केली. जैनुद्दीनने ती ओळ दोनदा वाचली, मग आपली सही केली आणि 'जानेवारीत आम्ही दोघं येतोय' असं लिहून कागदाचा फोटो हमझाला पाठवला.

उत्तर लगेच आलं. 'अब्बा, तुम्ही वाचलंत?' आणि त्याखाली, 'इकडे फार थंडी असते. स्वेटर आणा.'

जैनुद्दीनने अंगातल्या स्वेटरकडे पाहिलं. कोपरावर विरला होता, पण आणखी एक हिवाळा निघाला असता.