दोन चेंडूंचं व्रत

सुरतच्या डॉक्टरांनी ह्यांच्या फुफ्फुसातली लिंबाएवढी गाठ फोटोत दाखवली. "दुर्मिळ जातीची आहे, पण सावकाश वाढणारी. फुफ्फुसाचा खालचा भाग काढला की सुटलात. फक्त आधी श्वास वाढवा." असं म्हणून एक नळीचं यंत्र हाती दिलं. आत तीन चेंडू. श्वास आत ओढून दोन तरी वर टिकले पाहिजेत, नाहीतर ऑपरेशन नाही.

घरी कळसाडीला आलो, तर भेटायला गाव लोटलं. चहाच्या कपासारखं यंत्र हातोहात फिरलं. नळी धुऊन धुऊन मी थकले. माझ्या सत्तरीच्या नणंदेने, मोतीबाईंनी, तोंडातली मिश्री थुंकून एका दमात तिन्ही चेंडू वर नेले. ह्यांचा एकही हलेना.

सारंगखेड्याच्या यात्रेत उभा जन्म घोड्यांचे सौदे केलेले हे, लहान मुलासारखे रुसले.

"मंग मोतीबाईनंच आप्रेशन करा!"

माझे सोमवार, चतुर्थी, एकादशी चालूच असतात. उपवासाला चहा चालतो, म्हणून निभतात. दुसऱ्या सकाळी मी देवासमोर पाणी सोडलं: दोन चेंडू वर जाईपर्यंत चहा वर्ज्य.

"तुन्हा देव मन्हा फुफ्फुसमा कसाले घालस?" हे ओरडले.

दुपारी डोकं फुटायला आलं, तेव्हा कपाळाला फडकं बांधून भाकरी थापल्या. हे बघत होते. संध्याकाळी स्वतःच यंत्र काढलं.

चौथ्या दिवशी एक चेंडू उठला.

"एक उठना. अर्धा कप पी ले."

"व्रतमा सौदा नही ऱ्हास."

"पाव कप?"

मी माळ ओढत राहिले.

अकराव्या दिवशी दोन चेंडू वर गेले आणि तिथेच थांबले. तोंडातली नळी न सोडताच ह्यांनी मला चुलीकडे बोट दाखवलं.

ऑपरेशन चार तास चाललं. दाराबाहेर माझा जप सारखा चुकत होता. शेवटी डॉक्टर आले. "गाठ पूर्ण निघाली, मावशी."

दुसऱ्या दिवशी मला आत सोडलं. नर्सने यंत्र पुन्हा ह्यांच्या हाती दिलं होतं, आणि ह्यांनी ते दूर सारलं होतं. मला बघून खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, "आते काय सोडशी?"

"तुमले," मी हळूच म्हटलं.

ह्यांना हसू फुटलं, टाके ओढले, जोराचा खोकला आला. नर्स धावत आली. आता बोलणी बसणार म्हणून मी मान खाली घातली.

"फुफ्फुस मोकळं व्हायला असाच खोकला आम्ही सकाळपासून मागतोय," ती म्हणाली. "मावशी, तुम्ही रोज या."