निजामाच्या काळातला सोफा

टेम्पोतून सोफा उतरला तेव्हा ऐश्वर्या मुन्नाला कडेवर घेऊन दारातच उभी होती आणि तिनं वाट काही सोडली नाही.

"सरक की बाई, माणसं वज्यानं वाकून गेली," सासूबाई, पद्माबाई, म्हणाल्या.

"आत्याबाई, कुणाचा आहे हा?"

"आता आपलाच. हैद्राबादचा माल हाय, निजामाच्या टायमाचा. शंभर वर्षं झाली आसतील. सेनगावकडच्या एका देशमुखानं काढला, आपल्या रवीला सस्त्यात भेटला."

शंभर वर्षं ऐकून ऐश्वर्यानं मुन्नाच्या नाकावर पदर धरला. पोरगं आत्ता कुठं गेल्या महिन्यात नांदेडच्या दवाखान्यातून न्यूमोनियातून उठून आलेलं. धूर, धूळ, जुन्या गाद्या यांपासून लांब ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलेलं. तिनं घरातल्या झाडून सगळ्या गोधड्या माळ्यावर टाकल्या होत्या, आणि आता हे शंभर वर्षांच्या धुळीचं धूड बैठकीत येऊन बसलं.

"माझ्या लेकराला हे चालायचं नाही."

"बसायचं हाय त्याच्यावर, खायचा न्हाई," पद्माबाईंनी विषय संपवला.

दुपारी सासूबाई आत लवंडल्या. मुन्नाला मागच्या खोलीतल्या झोळीत निजवून ऐश्वर्यानं दार ओढलं, तोंडाला फडकं बांधलं आणि सोफा एका अंगावर कलता केला. दुधाच्या पिशवीवरची तारीखसुद्धा दोनदा वाचणारी बाई ती. कुणी सांगितलं म्हणून गप्प बसेल होय?

वरून थाट मोठा होता. लाल मखमल, सोनेरी कड, पायांच्या जागी वाघाचे पंजे. पण चारही पंजांच्या मधल्या नखावर बरोबर एकाच जागी तसाच टवका होता. हातानं कोरलेलं असतं तर चार पंजे चार तऱ्हांचे झाले असते. हे साच्यातले. खाली प्लायवूड, अधिकच्या खुणेचे स्क्रू, आणि स्टेपलरच्या पिना, त्याही बिनगंजाच्या. पिनांखाली पारदर्शक प्लास्टिकच्या चिंध्या अडकलेल्या. लग्नाच्या स्टेजवर नवरा-नवरीला बसवतात तो 'महाराजा' सोफा हा. वसमतच्या दुकानांत तिनं कॉलेजात असल्यापासून बघितलेला. फार तर पाच-सहा वर्षांचा.

मग बरंच झालं की! पण तिला बरं वाटेना. जुनी वस्तू नवी म्हणून खपवणारे ढीगभर असतात. नवी वस्तू जुनी म्हणून कोण सांगतं, आणि काहून?

तिनं मागची बाजू पाहिली. फळीवर काळ्या रंगाचा आडवा पट्टा होता, वास अजून गेला नव्हता. अशाच जागी तिच्या कपाटावर ऑइलपेंटनं लिहिलं होतं: चि. सौ. कां. ऐश्वर्या हिस मामाकडून सप्रेम भेट. इकडं आंदणात दिलेली वस्तू, हंड्यापासून दिवाणापर्यंत, नावाशिवाय मांडवातून हलत नाही. आणि ती माघारी येते ती एकदाच, पोरीचं नांदणं मोडल्यावर. पाच-सहा वर्षांपूर्वी या घरातून आंदण गेलं होतं ते नणंदेचं, राणीताईंचं.

"काय पाहून राहिलीस?" पद्माबाई दारात उभ्या होत्या.

"हा राणीताईंचा सोफा आहे ना?"

"कोण म्हणलं? शेजारची कमलबाई आली व्हती?"

"कोणी आलं नव्हतं."

पद्माबाई उंबऱ्यावरच बसल्या. "पुढल्या आठवड्यात येऊन राहिली पोरगी पुसेगावाहून. कायमची. गल्लीला कळायच्या आत सामान आनावं म्हणलं."

"आणि मला का नाही सांगितलं?"

"तू तुझ्या आईला सांगशील, आन् तुझी आई बाजाराला."

ऐश्वर्याला झोंबलं, पण तिला आधी दुसरंच विचारायचं होतं. "त्यांच्याकडं कोणी खोकत होतं? आजारी माणूस झोपत होतं यावर?"

"झोपतंय कुठलं! त्या सासूनं प्लास्टिक काढू दिलं न्हाई. पाव्हण्यांना दाखवायचा नुसता. माझी पोरगी खालीच बसली एवढी वर्षं."

ऐश्वर्यानं तरी कात्री आणली आणि तळाचं कापड उसवलं. आत पिवळा, कोरा फोम. अजून दुकानाचाच वास. सासूबाई खरं बोलत होत्या. मुन्नाला या सोफ्याचं भय नव्हतं.

पण सोफा ठेवून झाल्यावर चहा पिताना तिचा नवरा रविंद्र म्हणाला होता, "काय पीस हाय म्हणून सांगू, निजामाचा!" डोळ्याची पापणी लवली नव्हती त्याची. असं तोंड तिनं याआधीही पाहिलं होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला एकट्याला आत बोलावलं होतं, आणि बाहेर येऊन तो म्हणाला होता, "काही न्हाई, कधी सोडायचं ते बोलत व्हते."

दिवेलागणीला तो मोंढ्यातल्या बाजारातून आला, कपड्यांना हळदीचा वास. "मग? कसा वाटला?"

"डॉक्टरांनी तुम्हाला एकट्याला काय सांगितलं होतं?"

रविंद्रनं आईकडं पाहिलं.

"सांगून टाक," पद्माबाई म्हणाल्या. "हिच्यापासून काही झाकून ऱ्हात न्हाई."

तो भिंतीला टेकला. "छाती नाजूक हाय म्हणले. थंडीत पुन्हा होऊ शकतं, दोन-तीन वर्षं जपावं लागंल. तू आधीच झोपत नव्हतीस, म्हणून..."

ती रडेल असं त्याला वाटलं असावं. तिनं मुन्नाचं टोपडं नीट केलं.

"अजून काय?"

"अजून काही न्हाई."

"अजून?"

"मुन्नाची शप्पथ, ऐश्वर्या," म्हणत त्यानं लेकराच्या डोक्यावर ठेवायला हात पुढं केला.

ती पोराला घेऊन मागं सरकली. "त्याची नको. तुमची घ्या."