दोन डाव्या बाह्या

सुज्ञ वाचकांस प्रारंभीच नम्रपणे निवेदन करतो, की पुढील कथेत युद्ध नाही, खून नाही आणि प्रेमप्रकरणही नाही. एका कटिंग मास्तराने चांगला पगार असताना ओढाताणीचा संसार ताठ मानेने कसा चालविला, एका रविवारी त्याच्या हातून कोणती चूक घडली आणि ती त्याने चारचौघांत कशी कबूल केली, एवढाच या कथेचा विषय आहे. विषय लहान आहे. परंतु तो माणूस लहान नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे.

तयार कपड्यांच्या एका कारखान्यात मास्तर चोवीस वर्षे कापड बेतीत होते. एका लांबलचक टेबलावर कापडाचे शंभर शंभर थर पसरावेत, वरच्या थरावर खडूने आकृती रेखाव्यात, आणि एका दमात ढीगभर कोटांचे भाग कापून काढावेत, असे त्यांचे काम होते. त्यांच्या टेबलाखालच्या टोपलीत चिंध्यांखेरीज काही पडत नसे. बेतण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि ही गोष्ट इतरांइतकीच त्यांनाही ठाऊक होती.

पगार पक्का होता आणि एक तारखेला न चुकता मिळत होता. त्यामुळे आप्तेष्टांत त्यांची गणना सुखवस्तू माणसांत होत असे. मात्र त्या पगारातून घराचा हप्ता जाई, वृद्ध मातोश्रींची औषधे जात, नोकरी सुटलेल्या धाकट्या भावाचे निम्मे घरभाडे जाई, आणि दोन मुलांच्या शिक्षणाचा खर्च तर विचारूच नये. मास्तरांच्या पत्नी म्हणत, "आपल्याकडे पगार पाहुण्यासारखा येतो हो. टेकला न टेकला की लगेच चप्पल घालून निघतो."

कारखान्यात मास्तर सर्वांना सांगत, की आपण चहा सोडला आहे. वाचकहो, चहा त्यांनी सोडला नव्हता. महिन्याच्या वीस तारखेनंतर चहाच त्यांना सोडून जात असे. परंतु याविषयी त्यांनी कोणापाशी ब्र काढला नाही. पगारदार माणसाने पुरत नाही म्हणणे त्यांना कमीपणाचे वाटे.

अशात त्यांच्या थोरल्या कन्येला परिचारिकांच्या प्रशिक्षण विद्यालयात प्रवेश मिळाला. चाळीस जागा होत्या आणि तिचे नाव अडतिसावे होते. घरात आनंदीआनंद झाला. प्रवेशाची फी भरली गेली आणि घरातील शिल्लक तिथेच संपली. मग आठ दिवसांनी विद्यालयाचे पत्र आले. प्रत्येक विद्यार्थिनीने पहिल्या दिवशी राखाडी लोकरी लांब कोट घालून यावे. कोट ठरलेल्या दुकानातून घ्यावा, किंवा नमुन्याबरहुकूम शिवून घ्यावा. तपासणीत कोट न उतरल्यास जागा यादीतील पुढच्या मुलीस दिली जाईल.

मास्तर कन्येला घेऊन त्या दुकानात गेले. काचेमागे कोट टांगलेला होता. किमतीची चिठ्ठी पाहून कन्येने बापाकडे पाहिले. ती रक्कम मास्तरांच्या अर्ध्या पगाराएवढी होती. मास्तरांनी कोटाची बाही हातात घेतली, काखेजवळचे वळण अंगठ्याने चाचपले, आणि पुन्हा एकदा चाचपले.

"काय झालं, बाबा?"

"हा माझ्या टेबलावरचा आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे मी कापलेला. मागच्या महिन्यात राखाडी कोटांची मोठी ऑर्डर होती आमच्याकडे. कुणासाठी ते आम्हाला कोण सांगतंय!"

"मग सांगा ना त्यांना. काही कमी करतील."

"काय सांगू? माझाच माल मला अर्ध्यात द्या?" मास्तरांनी बाही हळूच सोडली. "चल. कोट मी शिवतो. दुकानातल्यापेक्षा एक टाका सरस."

त्याच गिरणीचे राखाडी कापड बाजारात एका दुकानी होते. मास्तरांनी मुलीची वाढ धरून कागदावर आकडेमोड केली आणि नेमके माप सांगितले. दुकानदार म्हणाला, "मास्तर, अर्धा मीटर जास्त घ्या. लोकरीचं कापड आहे, लव एकाच दिशेनं जाते. कमी पडलं तर पंचाईत."

"कमी पडायला मी काय नवशिका आहे? एक बोटभरही जास्त नको."

ती ऐट होती हे खरे, पण खिशात तेवढेच पैसे होते हेही तितकेच खरे.

रविवारी सकाळी मास्तरांनी घरातील फरशी पुसून घेतली आणि कापड अंथरले. मुलाला पलंगावर चढविण्यात आले. मातोश्री खुर्चीत बसून पाहू लागल्या. मास्तरांनी पाठ कापली, पुढचे भाग कापले, गळा कापला. बाहीचा कागदी साचा ठेवून एक बाही कापली. तोच साचा उचलून शेजारी ठेवला आणि दुसरी बाही कापली. मग ते उभे राहिले आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून म्हणाले, "बघा. मूठभर चिंधी उरली आहे."

पत्नीने दोन्ही बाह्या उचलल्या, एकीवर एक धरल्या, पुन्हा बाजूला केल्या. म्हणाल्या, "अहो, ह्या दोन्ही एकाच हाताच्या दिसतात."

मास्तर हसले. मग हसायचे थांबले.

येथे वाचकांस थोडा खुलासा करणे अवश्य आहे. कारखान्यात कापडाचे थर तोंडाला तोंड लावून पसरलेले असतात. त्यामुळे बाहीची आकृती एकदाच काढली तरी एका थरातून डावी निघते, दुसऱ्यातून उजवी. जोडी आपोआप जुळते. घरी फरशीवर मात्र एकच थर होता. दुसरी बाही कापताना साचा उलटा करावयाचा असतो, हे शिवणकामाच्या पहिल्या आठवड्यात शिकवितात. चोवीस वर्षांत मास्तरांवर साचा उलटण्याची वेळच आली नव्हती. नवशिक्याच्या हातून ही चूक झाली नसती. त्यांच्याच हातून झाली.

"कापड उलटं करून लावलं तर?" कन्येने विचारले.

"आतली बाजू बिनलवेची आहे. एक बाही रेड्यासारखी काळपट दिसेल."

मातोश्री खुर्चीतून म्हणाल्या, "लहानपणी हा चपलासुद्धा उलट्या घालायचा."

मास्तर तसेच बाजारात गेले. हातातील जुने घड्याळ विकून अर्धा मीटर घ्यावे, असा त्यांचा बेत होता. तो तागा आदल्या संध्याकाळीच संपला होता. विद्यालय शुक्रवारी सुरू होणार होते.

सोमवारी मास्तर कामावर आले आणि टेबलाखाली वाकले. टोपलीत, चिंध्यांच्या वर, मागच्या महिन्यातील ऑर्डरीच्या राखाडी ताग्याचा शेवटचा तुकडा पडला होता. कोटाला अपुरा, म्हणून इतके दिवस बाजूला ठेवलेला आणि आज आवराआवरीत टोपलीत आलेला. परंतु एका बाहीला पुरून उरणारा. दुपारी टोपली भंगारात जाणार होती. डब्याच्या पिशवीत तो तुकडा सहज मावला असता आणि मास्तरांची पिशवी तपासण्याचे धाडस फाटकावरच्या कोणीही केले नसते.

परंतु दोन वर्षांपूर्वी याच टेबलापाशी मास्तरांनी काजे करणाऱ्या बाईंच्या डब्यातून हातभर छापील कापड बाहेर काढले होते, आणि सर्वांसमक्ष म्हणाले होते, "बाई, साहेबांची चिठ्ठी असल्याशिवाय इथून दोरासुद्धा बाहेर जात नाही." बाईंनी मान खाली घातली होती. चिठ्ठी मागून भंगाराच्या भावाने तुकडा घेण्याचा नियम कारखान्यात होता. पण तो कोणी वापरीत नसे. चिठ्ठी मागणे म्हणजे आपली तंगी फळ्यावर लिहिणे, अशी सर्वांची समजूत होती.

मास्तर तुकडा हातात घेऊन साहेबांकडे गेले. साहेब त्या वेळी शिलाई यंत्रांच्या ओळीत उभे होते आणि चाळीस माणसे ऐकत होती.

"साहेब, हा तुकडा हवा आहे. चिठ्ठी द्या."

"मास्तर, तुम्हाला कशाला चिठ्ठी? न्या की. कोण बघतंय?"

"सगळे बघतायत, साहेब. म्हणूनच चिठ्ठी."

"करायचंय काय याचं?"

खोटे सांगण्यास एक क्षण पुरला असता. तो क्षण मास्तरांनी जाऊ दिला.

"मुलीचा कोट घरी कापला. दोन्ही बाह्या डाव्या कापल्या."

यंत्रे थांबली. मग असा हशा उसळला, की इस्त्रीच्या टेबलांपर्यंत आवाज आला. कोणी ओरडले, "मास्तर, पोरीला दोन डावे हात आहेत काय?" दुसरा म्हणाला, "जावई उजवा बघा म्हणजे झालं!"

मास्तरांनी हशा ओसरू दिला. मग ते म्हणाले, "हसा. हसण्यासारखंच आहे. पण एक सांगतो. मी घरी कोट शिवतो आहे, कारण मीच कापलेला कोट दुकानातून घ्यायला माझा पगार पुरत नाही. इथला सगळ्यांत मोठा पगार माझा. तो मी उधळत नाही, पीत नाही, तरीही पुरत नाही. यात मला लाज वाटायचं काय कारण?"

 साहेबांनी खिशातून पेन काढले आणि चिठ्ठी लिहिली.

काजे करणाऱ्या बाई आपल्या जागेवरून उठून आल्या. "मास्तर, त्या दिवशी मीसुद्धा पोरीच्या फ्रॉकसाठीच घेत होते."

"मी विचारलं नाही, बाई. कापड काढून घेतलं ते नियमानं. पण विचारायला हवं होतं आणि ते सगळ्यांसमोर करायला नको होतं. चुकलो."

बाईंनी तुकडा हातात घेऊन लव चाचपली. मग म्हणाल्या, "कोट उद्या घेऊन या. काजे मी हातानं करते. तुमच्या भरवशावर सोडलं तर एका बाजूला काजे आणि दुसऱ्या बाजूलाही काजेच निघायची."

पुन्हा हशा झाला, आणि या वेळी त्यात मास्तरही होते. फाटकावर तुकड्याचे वजन झाले. चिंध्यांच्या भावाने जी किंमत निघाली, तीत दुकानातल्या कोटाचे एक बटणही आले नसते. मास्तरांनी पावती मागून घेतली. त्या आठवड्यात साहेबांना आणखी अकरा चिठ्ठ्या लिहाव्या लागल्या, हे मी स्वतः पाहिले आहे.

शुक्रवारी विद्यालयाच्या प्रांगणात मुली ओळीने उभ्या होत्या आणि पालक कठड्याबाहेर. मुख्य परिचारिका बाई हातात मापाची फीत घेऊन एकेक कोट तपाशीत होत्या. मास्तरांच्या कन्येपाशी त्या थांबल्या. खांदा मोजला, बाही मोजली, घेर मोजला. मग वाकून त्यांनी खालची किनार उलटून पाहिली.

"आत एवढं कापड का दुमडलं आहे? नमुन्यात तर दोन बोटंच आहे."

मास्तरांच्या पत्नीने त्यांचा दंड घट्ट धरला. कन्या म्हणाली, "मी अजून वाढते आहे, बाई. तीन वर्षांचं शिक्षण आहे. बाबा म्हणाले, दरवर्षी थोडं उसवून खाली सोडायचं. परत कोट घ्यायला नको."

"दुकानातून नाही घेतला?"

"नाही. बाबांनी कापला आणि शिवला. काजे त्यांच्या कारखान्यातल्या बाईंनी केली."

मुख्य बाईंनी एक काज बोटाने चाचपले. शेजारच्या मुलीच्या कोटाचे काज पाहिले. पुन्हा हे पाहिले. आणि वहीत बरोबरची खूण करून त्या पुढे गेल्या.

घंटा झाली. मुली रांगेने इमारतीकडे चालू लागल्या. चाळीस राखाडी पाठी एका तालात दूर जात होत्या. आपल्या टेबलावरून निघालेले कोट माणसांच्या अंगावर चालताना मास्तर आयुष्यात प्रथमच पाहत होते.

"आपली कोणती, ओळखू येते का?" त्यांनी पत्नीला विचारले.

पत्नीने डोळे बारीक केले, टाचा उंचावल्या. "नाही हो. सगळ्या सारख्याच दिसतात."

"मग झालं तर," मास्तर म्हणाले, आणि रांग दाराआड जाईपर्यंत ते कठड्यापाशी ताठ उभे राहिले.

येथवर ही कथा मी माझ्या अल्प शिक्षणाच्या बळावर लिहिली आहे. आपण वेळ खर्चून ती वाचलीत, याबद्दल सर्व वाचकांचे मनःपूर्वक आभार मानतो.

आपला नम्र,
त्याच कारखान्याच्या इस्त्री खात्यातील,
ज्यास सर्व जण 'लांबू' म्हणतात तो