ओलिवाचा आवाज

पडद्यावर लोरेदाना व्हाल्मी रडायची आणि अख्खी इटली माझ्या हुंदक्यांवर डोळे पुसायची. तिची बोली डोंगराकडची, बेलूनोची; निर्मात्यांना ती चालत नसे. म्हणून रोमच्या स्टुडिओतल्या अंधाऱ्या खोलीत उभी राहून मी तिच्या ओठांना शब्द पुरवायचे. फुलं तिला, मोटार तिला, माझं नाव पोस्टरच्या कोपऱ्यातही नाही. मला तिचा राग यायचा, खोटं कशाला बोलू.

त्या जानेवारीत तिला नदीत उभं करून दिवसभर एकच प्रसंग घेतला. न्यूमोनिया झाला आणि ती गेली. दफनाच्या दुसऱ्या दिवशी तिची आई कातिना शेजारणीचा हात धरून थेट आमच्या स्टुडिओच्या दारात आली. डोक्याला काळा रुमाल, दोन्ही डोळ्यांनी आंधळी.

"थेटरात ऐकलं मी तिला," ती म्हणाली. "मधेच उठून आले. ती माझी ओलिवा नव्हती."

ओलिवा हे लोरेदानाचं घरचं नाव.

"ती मी होते, मावशी."

"बोलतेस गोड. पण माझी पोर कुठाय? एकदा ऐकवा मला."

ध्वनियंत्रावर बसणारा, चित्रीकरणालाही आवाज टिपायला जाणारा ग्वाल्तिएरो चुळबुळायला लागला. चित्रीकरणाच्या वेळचा कच्चा आवाज आम्ही ओठ जुळवण्यापुरता ठेवतो, काम झालं की कचऱ्यात. तिच्या आधीच्या सगळ्या चित्रपटांचा असाच गेला होता. उरला होता फक्त नदीतला.

"तो नको," तो माझ्या कानाशी पुटपुटला. "ऐकणं सोसणार नाही त्यांना."

"लाव मुकाट्यानं. एवढ्या लांबून आल्यात, वाटाण्याच्या अक्षता लावून परत पाठवू?"

पाण्याचा खळखळाट, कुठेतरी ठोकठोक, दिग्दर्शकाचा आरडाओरडा, आणि त्यात एक घोगरा, गावरान आवाज. म्हातारीचा हात गाल चाचपावा तसा पुढे गेला.

"हीच," ती म्हणाली. "हीच माझी ओलिवा." ती चक्क हसली.

संवाद संपला. 'पुन्हा एकदा,' दिग्दर्शक ओरडला. मग तोच आवाज, कुडकुडत: 'शाल द्या ना कुणीतरी. फार गारठलेय.'

रीळ तिथेच संपलं.

माझा हात शोधत म्हातारीने विचारलं, "दिली का गं पोरी, कुणी शाल?"

मी त्या दिवशी नदीवर नव्हतेच. ग्वाल्तिएरो होता. तो खाली मान घालून बसला होता.

"दिली, मावशी," मी म्हणाले. "मीच दिली."